दोन डबे आणि पावणेदोनशे किलोमीटर

सौंसरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर सांगून पाहा की आम्ही सहा जण सायकलनं वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात जाणार आहोत आणि त्या निमित्तानं तिथल्या कामासाठी पैसे जमवतो आहोत. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काऊन रे बाबू, सायकलनंच काऊन? घरी बसले तं तेवढे पैसे वाचतीन नं. तेच देऊन टाका."

विचारणारा खवचट असेल, पण प्रश्न खरा आहे. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्यानं सायकलीत हवा भरू नये. उत्तर असं : जाण्यायेण्याचा, खाण्याराहण्याचा खर्च आमच्या खिशातून, तुम्ही दिलेला रुपया अख्खा तिकडे पोचेल, आणि पोचला हे कागदावर दाखवू. खाली जी कृती सांगतो आहे ती सगळी या एका वाक्यावर उभी आहे. परदेशात 'चॅरिटी चॅलेंज' म्हणून अशा सहली विकणाऱ्या कंपन्या आहेत. किलिमांजारो चढा, कुठलीशी भिंत चाला, आणि दात्यांकडून अमुक रक्कम आणा. त्यात पुष्कळदा सहलीचा खर्च त्या जमवलेल्या रकमेतूनच वळता होतो. आपल्या गावात हे कुणी खपवून घेणार नाही. मला विचाराल तर घेऊही नये.

आपल्याकडचा दाखला याहून कडक आहे. महर्षी कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी पार्वतीबाई आठवले 1918 मध्ये अमेरिकेला गेल्या. कोकणातली विधवा बाई, पन्नाशीला आलेली, इंग्रजी जेमतेम. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून स्वतःचं पोट भरलं, भाषा शिकल्या, आणि आश्रमासाठी निधी जमवला. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितलं आहे. पोटाची भाकरी एका हाताची, आश्रमाची झोळी दुसऱ्या हाताची. आपल्याला तर दोन दिवस पायडल मारायचे आहेत.

साहित्य फार लागत नाही. सहा सायकली, गिअरच्या असल्या तर बऱ्या, नसल्या तरी डिसेंबरच्या थंडीत साध्या सायकली हे अंतर काढतात. दोनशे पानी एक वही. दोन रसीदबुकं, कारण आपल्याकडे 'पावती' म्हटलं तर अर्धे लोक थबकतात आणि 'रसीद' म्हटलं की खिशात हात घालतात. आणि पत्र्याचे दोन डबे, वेगवेगळ्या रंगांचे. लाल डबा संस्थेचा, पिवळा डबा प्रवासखर्चाचा. लाल डब्याला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, आणि ते दोघे एका घरातले नकोत. पिवळ्या डब्यात सहा जणांनी सुरुवातीलाच सारखे पैसे टाकायचे. समजा, माणशी दोन हजार : दोन दिवसांचं खाणं, ट्यूबा, एका रात्रीचा मुक्काम, परतताना माणसं आणि सायकली आणायला भाड्याचा टेम्पो. दोन हजार जड जात असतील तर सायकलस्वार कमी करा किंवा अंतर कमी करा. लाल डब्याकडे मात्र पाहायचं नाही.

आनंदवनच का? एक तर ते आपल्या आवाक्यात आहे. सौंसरहून सावनेर, नागपूर, बुटीबोरी, जाम चौरस्ता आणि वरोरा हा रस्ता साधारण पावणेदोनशे किलोमीटर भरतो. (आपल्या जाम नदीपासून निघून वर्धा जिल्ह्यातल्या जामला वळायचं, एवढी एक गंमत वाटेत आहे.) दुसरं, सायकल आणि आनंदवन यांचं नातं जुनं आहे. बाबा आमट्यांनी डिसेंबर 1985 मध्ये 'भारत जोडो' यात्रा काढली ती कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत, तरुणांच्या सायकलींवर. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले, पाठीच्या दुखण्यानं बसता न येणारे, म्हणून सोबतच्या गाडीत झोपून प्रवास करत होते. 1988 मध्ये दुसरी यात्रा ईशान्येकडून गुजरातपर्यंत झाली. त्या यात्रा निधीसाठी नव्हत्या, हे वर्गणी मागताना सांगावं. उगाच बाबांचं नाव पैशाला जोडू नये. तुमचं मन दुसऱ्या कामावर असेल, गावातल्या वाचनालयावर किंवा एखाद्या दवाखान्यावर, तर तीच कृती तिथे लावा.

आषाढात पहिलं काम : पत्र. पैसे गोळा करायला सुरुवात करण्याआधी संस्थेला लिहा. आनंदवन चालवणारी महारोगी सेवा समिती 1949 पासूनची आहे. अशा संस्थांना उत्साही पाहुण्यांचा अनुभव दांडगा असतो आणि थोडा धसकाही असतो. पत्रात चारच गोष्टी विचारा. आम्ही तुमच्या नावानं पैसे जमवले तर चालेल का? कोणत्या खात्यात भरायचे, आणि क्यूआर कोड असल्यास पाठवाल का? दात्यांना प्रमाणपत्र मिळेल का, आणि त्यासाठी काय माहिती लागेल? त्या तारखेला आम्ही आलेलं तुम्हाला सोयीचं आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सहा घामट माणसं रात्री दारात उभी राहिली की त्यांच्या स्वयंपाकघराला त्रास होतो. लेखी होकार येईपर्यंत पर्चा छापू नका, संस्थेचं चिन्ह वापरू नका.

करसवलतीचं नीट समजून घ्या, कारण सौंसरचे व्यापारी पहिल्यांदा तेच विचारतील. 80जीची सवलत मिळते ती संस्थेच्या प्रमाणपत्रावर, तुमच्या रसीदबुकावर नाही. दोन हजारांहून जास्त रक्कम रोख दिली तर त्यावर सवलत नाही. ज्यांनी नवी करपद्धत निवडली आहे त्यांना ती मुळातच नाही, आणि आता असे बरेच जण आहेत. तेव्हा मोठी रक्कम देणाऱ्याला संस्थेच्या खात्याचा क्यूआर दाखवा, पैसे थेट तिकडे जाऊ द्या, वहीत फक्त नोंद करा. किरकोळ रोख आणि विक्रीचे पैसे यांसाठी बँकेत तिघांच्या नावे संयुक्त बचत खातं उघडा, दोघांच्या सह्यांचं. एकाच्या खाजगी खात्यावर पैसे घेणं सोपं वाटतं. चार महिन्यांनी त्यातले कोणते पैसे खताचे आणि कोणते आनंदवनाचे हे त्यालाच सांगता येत नाही, चोरी न करताही.

अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर एक प्रश्न विचारा : पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकानं परदेशातून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ते विदेशी देणगीत मोजत नाहीत. त्यानं नागरिकत्व बदललं असेल तर मात्र ते विदेशी अंशदान ठरतं, आणि ते फक्त एफसीआरए (विदेशी अंशदान कायद्याखालची) नोंदणी असलेल्या संस्थेला, तिच्या ठरावीक खात्यातच घेता येतं. तुमच्या खात्यावर त्याचा एक डॉलरही येऊ देऊ नका.

आता मागण्याची रीत. 'यथाशक्ती द्या' असं म्हणू नये. यथाशक्ती म्हटलं की माणूस गोंधळतो, इकडेतिकडे पाहतो आणि अकरा रुपये देतो. एकक द्या : किलोमीटरमागे एक रुपया. पावणेदोनशे किलोमीटर, पावणेदोनशे रुपये. हॉटेलात दोघांनी नाश्ता केला तर तेवढे जातात, आणि तरी देणाऱ्याला वाटतं की आपण रस्ता विकत घेतला. कुणी म्हणेल, मी सावनेरपर्यंतचेच देतो, घ्या. शाळकरी मुलगी म्हणेल, माझे दहा किलोमीटर. तिचं नाव तिच्या दहा किलोमीटरपुढे लिहा. आणि आधीच कबूल करा : नागपूरलाच गुडघा धरला तर नागपूरपर्यंतचेच पैसे घेऊ. अशा वेळीही बहुतेक जण पूर्ण रक्कम देतात, पण ते त्यांनी म्हणावं, तुम्ही नाही.

हिशेब मांडून पाहा. सहा जणांनी प्रत्येकी चाळीस माणसं गाठली तर दोनशे चाळीस होतात. प्रत्येकी 175 रुपये धरले तर 42,000. चाळीस माणसं म्हणजे काय फार? काकाजी, मामाजी, आत्याबाई, दोन शिक्षक, किराणावाला, बाबूजींचे पत्ते खेळणारे मित्र. यादी कागदावर काढा, नावं पटापट सापडतात.

वहीची पहिली ओळ कोण लिहितो यावर सगळं अवलंबून असतं. कुणी 51 लिहिले की खाली पानभर 51 उतरतात. म्हणून पहिल्या सहा ओळी तुमच्या स्वतःच्या, प्रत्येकी पूर्ण 175. लोक वर्गणीची वही उलट्या बाजूनं वाचतात : आधी आकडा, मग नाव, शेवटी कशासाठी.

लहान रक्कम मागायची लाज वाटत असेल तर दोन जुन्या गोष्टी आठवाव्यात. अंताजी दामोदर काळ्यांनी 'पैसा फंड' काढला, प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांनी घरोघरची मूठमूठ धान्य जमवून पोरं जेवू घातली. गोव्यात मुष्टिफंड याच नावाची शिक्षणसंस्था आहे. एकक जितकं लहान तितकी दारं जास्त, एवढीच त्यातली युक्ती.

वही सुरू झाली की सण धरा. आपलं कॅलेंडर यासाठी फार सोयीचं आहे : पोळ्यापासून डिसेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी काही ना काही असतंच, आणि सणाला माणसाचा हात सैल असतो.

पोळा. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि बोजारा घेतात. तो पैसा पोरांचा, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही आपल्या सायकली सजवा. हँडलला बाशिंग, सीटवर झूल, चाकांना बेगड, मागे घुंगरांची माळ. सहा सायकली रांगेनं मोहल्ल्यातून काढा आणि सायकलीचा बोजारा मागा. कुणी हसेल, कुणी आजी खरोखरच पुढच्या चाकावर पाणी घालून कुंकू लावेल. झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायचं कवन, तर हवीच, आणि ती स्वतःच रचा. जुन्या झडत्या सगळ्यांना पाठ असतात, नवीन ऐकली की लोक बाहेर येतात. आमची अशी काहीशी होती :

ना चारा, ना ढेप खाते, हवेवरच पळते;
वरोऱ्याची वाट आमची इथूनच वळते.

ढेपेचा भाव सगळ्यांच्या डोक्यात असतो, त्यामुळे हशा तिथे हमखास मिळतो. फक्त एक सांभाळा. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्यात गोटमार; जाम नदीच्या पात्रात पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड चालवतात आणि दरवर्षी माणसं जखमी होतात. तुमच्यापैकी कुणी पांढुर्ण्याचा असेल तर त्यानं तिकडे त्या दिवशी डबा काढू नये. गर्दी आहे म्हणून पैसे मिळतील हा हिशेब चुकीचा. गर्दीचं लक्ष जिथे लागलेलं असतं तिथेच तिचा पैसा जातो.

हाच नियम जामसावळीला. मंगळवारी-शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला एवढी माणसं येतात की प्रत्येकाला तिथे पेटी ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. देवाच्या दारातला डबा देवाचाच समजला जातो, आणि नंतर तुम्ही कितीही समजावलं तरी 'मंदिरापाशी पैसे गोळा करत होते' एवढंच गावभर फिरतं. मंदिर व्यवस्थापनानं स्वतःहून जागा दिली तर गोष्ट वेगळी.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. हा भाग सायकलस्वारांच्या आया-बहिणींकडे सोपवा आणि मधे पडू नका. गाणी झाली की डब्यातली खिरापत ओळखायची असते. नियम एवढाच वाढवायचा : ओळख चुकली की लाल डब्यात दहा रुपये. मग खिरापत करणाऱ्या बायकांची अक्कल पाहावी. भाजकी जवस, तिखट शंकरपाळे, कवठाच्या वड्या. डबा वाजवून दाखवतील, वास घेऊ देणार नाहीत. एका अंगणात पंचवीस जणी असल्या आणि आठ-दहा संध्याकाळी हा खेळ चालला तर रक्कम किती होते ते तुम्हीच पाहा. आमच्याकडे हा डबा सगळ्यांत आधी जड झाला होता. पावती कुणी मागत नाही, तरी रोजची बेरीज वहीत त्याच रात्री उतरवावी.

कोजागिरीला दूध विकू नका. त्या रात्री ज्याच्या-त्याच्या गच्चीवर दूध असतं.

दिवाळीची सफाई म्हणजे रद्दी. घरोघरची वर्तमानपत्रं, वह्या, तुटक्या बादल्या, लोखंड. ठरलेल्या दोन रविवारी हातगाडी घेऊन जायचं, भंगारवाल्याशी आधी भाव ठरवायचा आणि त्याच्याच काट्यावर, पण आपल्यासमोर, वजन करायचं. तीनशे किलो रद्दी बारा रुपयांनी गेली तर 3,600. फार नाही. पण जे रोख देत नाहीत तेही रद्दी देतात, आणि एकदा दिली की पुढे विचारतात, "काय, कुठपर्यंत आलं तुमचं?"

आता मुख्य माल : संत्री. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाकडे पैसे नसतील, पण आंबिया बहर असतो. नगदी वर्गणीऐवजी बागवाल्याला एक झाड मागा. एक झाड, बाग नाही. हे शब्द महत्त्वाचे, कारण चारशे झाडांच्या धन्याला एक झाड म्हणजे काहीच नाही, आणि तुम्हाला मात्र एका चांगल्या झाडाचा सत्तर-ऐंशी किलो माल मिळतो. आठ झाडं मिळाली की सहाशे किलो, म्हणजे वीस-वीस किलोंचे तीस कॅरेट.

वेळ चुकवू नका. आपल्याकडे बाग बहुधा झाडावरच, ठोक्यानं व्यापाऱ्याला जाते. इसार घेतल्यावर त्या झाडावरचं फळ शेतकऱ्याचं राहत नाही. मग तो संकोचानं 'हो' म्हणेल आणि व्यापाऱ्याशी भांडण तुमच्यामुळे होईल. म्हणून सौदा व्हायच्या आधी जा, झाड नक्की करा, त्याला सुतळी किंवा रंगीत चिंधी बांधा, आणि सौदा होताना हे झाड वगळून सौदा करायला सांगा. धुऱ्याजवळचं, रस्त्याला लागून असलेलं झाड मागू नका. त्यावर फळं उरतच नाहीत.

तोडाई शिकलेल्या माणसाकडून करून घ्या किंवा एक दिवस त्याच्या हाताखाली राबा. फळ ओढून तोडलं की देठापाशी साल फाटते आणि ते दोन दिवसांत सडतं. कात्रीनं, देठ अगदी आखूड ठेवून तोडायचं. नागपुरी संत्र्याची साल सैल, म्हणून खायला सोपं आणि वाहतुकीला नाजूक. 2014 मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या भागाच्या नावानं. आपला माल सौंसरचा म्हणूनच विका, पिशवीवर गावाचं आणि देणाऱ्या शेतकऱ्याचं नाव लिहा. नागपूरच्या फ्लॅटमधल्या माणसाला ते नाव वाचायला आवडतं.

आधी ऑर्डर, मग तोडाई. उलट केलंत तर सहाशे किलो संत्री तुमच्या ओसरीत पडून राहतील आणि तुम्हीच खाल. नागपुरात शिकणारी, नोकरी करणारी सौंसरची पोरं किती आहेत! प्रत्येकानं आपल्या इमारतीतून पाच-पाच किलोंच्या दहा ऑर्डरी घेतल्या की बारा पोरांत माल संपतो. समजा, साठ रुपये किलो. सहाशे किलोंचे 36,000. पिकअपचं भाडं, पिशव्या, तोडाईची मजुरी यांचे सहा हजार वजा. हे सहा हजार या विक्रीचाच खर्च, तेव्हा ते विक्रीतूनच जातील, पिवळ्या डब्यातून नाही. उरले 30,000. घेणाऱ्याला सांगून ठेवा की ही विक्री आहे, दान नाही. संत्री घेऊन 80जीचं प्रमाणपत्र मिळत नाही. असं मागणारा एक तरी भेटतोच.

आणि त्याच बागेत, संत्री निघाल्यावर, रोडग्यांची पंगत. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तुपाची धार, शेवटी घरचा गूळ. मोकळ्या जागेत, झाडाखाली, दुपारी. गावातल्याच माणसाला रोडग्यांचं काय अप्रूप, असं वाटेल. पण सावनेर-नागपूरहून माहेरवाशिणी आणि त्यांच्या घरची माणसं मोटारी भरून येतात. ताटाला दोनशे, खर्च नव्वद, एकशे वीस ताटं : 13,200 उरतात. एकशे वीसच्या पुढे जाऊ नका. रोडगे कच्चे राहिले की ती आठवण वीस वर्षं टिकते. ताटाचे पैसे आधी घ्या. 'येतो' म्हणणाऱ्यांच्या भरवशावर वांगी आणू नयेत. आचारी पैसे घेणारा असू द्या आणि चांगला असू द्या. फुकट रांधायला तयार झालेल्या माणसाला मीठ कमी झालं असं सांगता येत नाही.

बेरीज : 42,000 अधिक 30,000 अधिक 13,200 अधिक 3,600, म्हणजे 88,800. बोजारा आणि खिरापत मिळून अकरा-बारा हजार धरले तर लाख होतात. आकडे माझे अंदाजाचे आहेत. तुमच्या गावाचा भाव आणि तुमची चिकाटी यांप्रमाणे बदलतील.

दोन गोष्टी करू नका. लकी ड्रॉची कुपनं विकू नका. इंग्रजी पुस्तकांत निधी जमवायचा हा पहिला उपाय असतो, त्यामुळे कुणीतरी सुचवणारच. आपल्याकडे खाजगी सोडत चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे, मग कारण कितीही पवित्र असो. आणि गाण्याचा मोठा कार्यक्रम ठेवू नका. आम्ही एकदा ठेवला होता, दुसऱ्याच एका कामासाठी. मंडप, ध्वनिक्षेपक, परवानग्या, गायकांचं जेवण, गायकांबरोबर आलेल्यांचं जेवण. वर दहा वाजले की आवाज बंद. शेवटी हातात साडेसातशे रुपये उरले आणि मंडपवाला दोन महिने ओळख दाखवत नव्हता. आनंदवनाचा स्वतःचा 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद आहे, तिथलेच अपंग आणि अंध कलाकार गातात-वाजवतात. ते त्यांना जमतं, कारण त्यांचं गाणं हेच त्यांचं काम आहे. गावातली भजनमंडळं खंजिरी घेऊन निघायच्या दिवशी पहाटे आली तर त्यांना चहा द्या; एवढा संगीताचा भाग पुरे.

आता डिसेंबर. प्रत्यक्ष सायकल चालवणं हा या सगळ्यातला सोपा भाग, म्हणून थोडक्यात. महिनाभर आधीपासून रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटरचा सराव. पहिल्या दिवशी नागपूर, साधारण सत्तर किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उरलेले शंभरएक. तांबडं फुटल्याशिवाय निघू नका, कारण धुक्यात कापसाचे आणि संत्र्याचे ट्रक सायकल पाहत नाहीत. हेल्मेट, मागे लाल दिवा, अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. एका रांगेत. प्रत्येकाच्या खिशात घरचा फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद. वाटेत कुणी थांबवून पैसे दिले तर जागेवर रसीद फाडा. सायकलच्या पिशवीत रसीदबुक नसेल तर नम्रपणे नको म्हणा. रोज संध्याकाळी वहीवाल्यांना एक फोटो आणि एक आकडा पाठवा : आज किती किलोमीटर झाले. भाषण नको.

2020 मध्ये ब्रिटनमध्ये कॅप्टन टॉम मूर नावाच्या नव्व्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यानं चालण्याचा आधार धरून आपल्याच बागेत शंभर फेऱ्या मारल्या. हजार पाउंड जमवायचे ठरवले होते, तीन कोटींहून जास्त जमले. प्रवासखर्च शून्य. मला त्यांची गोष्ट फार आवडते, पण पुढचा भागही सांगितला पाहिजे. तो मूळ निधी आरोग्यसेवेच्या कामाला नीट पोचला. नंतर त्यांच्या नावानं निघालेल्या प्रतिष्ठानाच्या कारभारावर मात्र तिथल्या धर्मादाय आयोगानं 2024 मध्ये कडक ताशेरे ओढले, कारण घरच्यांचं हित आणि संस्थेचं हित यांच्यातली रेघ पुसली गेली होती. म्हणून दोन डबे. म्हणून दोन कुलपं.

आनंदवनात पोचलात की धनादेशाचा मोठा पुठ्ठा करून फोटो काढू नका. पैसे आधीच खात्यात भरलेले असावेत. तुम्ही फक्त दात्यांची यादी, पत्त्यांसकट, कार्यालयात द्या आणि प्रमाणपत्रांचं विचारा. मग जे दाखवतील ते पाहा, जेवा, झोपा. तिथे राहणाऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत हिशेब. मोठ्या कागदावर दोन रकाने, हातानं लिहिलेले, जिथे पहिला प्रश्न विचारला गेला त्याच टपरीच्या भिंतीवर. लाल रकान्यात प्रत्येक मार्गानं आलेली रक्कम, विक्रीचा खर्च, सडलेली संत्री किती किलो, आणि संस्थेची पोच. पिवळ्या रकान्यात सहा जणांचे बारा हजार कुठे गेले ते, अगदी पंक्चरपर्यंत. पिवळ्यात काही उरलं तर सहा भाग करून परत घ्या. ते लाल डब्यात टाकायचं असेल तर नव्या रसीदीवर, ज्याच्या-त्याच्या नावानं टाका. वही टपरीवर आठवडाभर राहू द्या. लोक चाळतील, आपलं नाव शोधतील, शेजाऱ्याचा आकडा पाहतील.

काही जणांनी वहीत आकडा लिहिलेला असेल आणि पैसे दिले नसतील. त्यांच्याकडे दोनदा जा. पहिल्यांदा वही घेऊन, दुसऱ्यांदा वहीशिवाय, सहज. तिसऱ्यांदा जाऊ नका, आणि भिंतीवरच्या कागदावर 'येणे बाकी' असा रकानाही काढू नका. सौंसर लहान आहे. परवा त्याच्याच दुकानातून तुम्हाला ट्यूब घ्यायची आहे.